तारवाला बसत नाही

माणसाचं खरं चारित्र्य कसोटीच्या एका क्षणात उघडं पडतं, आणि तो क्षण कुणासाठी थांबत नाही. तारवाल्याच्या पहिल्या खंडात पान सातवर हे वाक्य आहे. गेल्या एकतीस वर्षांत काकपदानं ते चार आवृत्त्यांमधून तपासलं आणि दर वेळी, काही खोट न सापडता, पुढे पाठवलं. प्रत्यक्षात तो क्षण रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर आला. तो वीस सेकंदांचा आहे हे पडद्याच्या तळाशी आखडत जाणारी एक हिरवी पट्टी सांगत होती. तेरा सेकंद सरल्यावर बायकोनं अंगठ्यानं एक बटण दाबलं आणि क्षण पॉज केला. "करा सावकाश विचार," ती म्हणाली, "मी कपडे वाळत घालून येते." कसोटीचा तो क्षण मग बुधवार दुपारपर्यंत जागच्या जागी थांबून राहिला.

काकपद हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. ओळीत शब्द गळला असेल तर प्रूफरीडर त्या जागी टोपीसारखी एक खूण करतो, तिला काकपद म्हणतात. हा माणूस कुणाच्याही बोलण्यात मध्येच शिरून गळलेला शब्द पुरवायचा, म्हणून छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी पहिल्याच वर्षी ते त्याला चिकटवलं. पुढे खिळे भंगारात गेले, जुळारी आपापल्या मुलांकडे गेले, नाव तेवढं मागे राहिलं. तारवाला त्याच्या आयुष्यात आला तोही त्याच वर्षी, प्रुफांच्या ओल्या शाईच्या लांब पट्ट्यांवरून. नऊ खंडांची कादंबरी. युद्धाच्या दिवसांत एका बंदराच्या गावात घरोघर तारा पोचवणारा एक माणूस, आणि तारा बहुतेक मरणाच्या. त्याचे नियम दोन. तार आहे तशी वाचायची, एक शब्द कमी नाही की एक जास्त नाही. आणि ज्या घरी तार न्यायची त्या घरात बसायचं नाही, प्यायचंच झालं तर पाणीही उभ्यानं. समीक्षकांनी तारवाल्याला क्रूर म्हटलं, संत म्हटलं, एकानं तर युगाची सदसद्विवेकबुद्धी म्हटलं (त्या लेखाची प्रुफं काकपदानंच पाहिली होती आणि 'सदसद्विवेक'शी त्याची अर्धी दुपार झटापट चालली होती). काकपदाचं मत साधं होतं. हा माणूस उत्तम प्रूफरीडर झाला असता. याहून मोठी पदवी त्याच्याकडे द्यायला नव्हती.

लेखिका दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या भाच्यानं नऊच्या नऊ खंड एका खेळ बनवणाऱ्या कंपनीला दिले आणि छापखान्यात येऊन सगळ्यांना पेढे वाटण्याच्या सुरात सांगितलं की मावशीचा तारवाला आता चालायला-बोलायला लागणार. आजवर तो काय आजारी होता का, असं काकपद म्हणाला नाही, फक्त चष्मा पुसला. मग कंपनीतून मॅडम आल्या. मजकुराची जबाबदारी त्यांच्याकडे, आणि वय काकपदाच्या चष्म्याच्या डबीइतकं. "सर, तुमच्याइतका तारवाला कुणालाच माहीत नाही असं ऐकलंय," त्या म्हणाल्या. हे खरंच होतं, त्यामुळे त्यानं विनय दाखवला नाही. "काम असं आहे, की खेळणारा दर ठिकाणी वेगळं उत्तर निवडतो, आणि तिथून वेगळी फांदी फुटते. तुम्ही सगळ्या फांद्या हलवून बघायच्या. कुठे काय किडलंय त्याची यादी द्यायची, आणि शुक्रवारी चारच्या आत हा कागद सही करून." कागदावर एकच ओळ होती. मी सर्व मजकूर वाचला आहे. अशा ओळीखाली त्यानं आयुष्यभर सह्या केल्या होत्या, आणि एकही खोटी केली नव्हती.

अडचण अंगठ्यांची निघाली. कंट्रोलर हातात घेतल्यावर त्याचा तारवाला भिंतीकडे तोंड करून चालत राहिला, समुद्रात उतरला, सायकलीभोवती सात प्रदक्षिणा घालून तिथेच उभा राहिला. बायको कपडे दुरुस्त करून देते. दिवसभर पँटच्या कडा, चेन, काजं यांत तिचे अंगठे चालतात. पायाखालचं मशीन थांबवून तिनं दोन मिनिटं हे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, द्या इकडे. बिचाऱ्याला उन्हाचा कशाला फिरवताय." तेव्हापासून पाय तिचे आणि तोंड त्याचं अशी वाटणी झाली. ती तारवाल्याला दारापर्यंत नेऊन उभं करायची, प्रश्न यायचा, खाली दोन-तीन उत्तरं यायची, आणि काकपद नंबर सांगायचा. तिनं नवातला एकही खंड वाचला नव्हता. घरात एक माणूस वाचतोय तेवढं पुरे, असं तिचं लग्नापासूनचं धोरण होतं.

पहिल्या तीन दिवसांत काकपदाला एक गोष्ट कळून चुकली, आणि ती त्यानं मॅडमना कळवली नाही. त्याला दुसरी फांदी हलवता येत नव्हती. म्हणजे येत होती, बायको म्हणत होती, "हे झालं, आता मागे जाऊन दुसरं उत्तर देऊ या ना, यादी कशी होणार?" पण दुसरं उत्तर म्हणजे तारवाल्यानं कोळ्याच्या विधवेला तार अर्धीच वाचून दाखवणं. किंवा पाकीट वाफेवर उघडून आधीच बघणं. नंबर सांगायला तोंड उघडलं की दुसऱ्याच्या नावानं खोटी सही करतोय असं वाटायचं. "पुढे चला," तो म्हणायचा. खेळात वर उजव्या कोपऱ्यात 'आपुलकी' नावाचा एक आकडा होता. गाव तारवाल्यावर किती माया करतं ते तो दाखवायचा. सुरुवातीला तो शंभर होता. काकपदाच्या तारवाल्यानं तो तीन दिवसांत एकोणीसवर आणला. घसरणारा प्रत्येक आकडा बघताना काकपदाच्या पाठीचा कणा एकेक मणक्यानं सरळ होत होता. खंडोखंडी गावानं त्याच्याकडे अशीच पाठ फिरवली होती. खेळ लिहिणाऱ्या पोरांना ते ठाऊक नसेल, पण खेळ आपोआप पुस्तकाच्या वाटेला लागला होता, आणि लावणारा तो होता. चहा घेताना तो एकदा म्हणाला, "लेखिकाबाईंनी हे बघायला हवं होतं." बायको म्हणाली, "एकोणीस आहेत. नापास."

आणि रविवारी ती म्हातारी आली. टेकडीवरचं शेवटचं घर, उघडं दार, आत पलंग, पलंगावर उशांना टेकलेली म्हातारी, पलंगाशेजारी एक खुर्ची. तारवाल्याच्या हातात तार. म्हातारी विचारते, "माझ्या मुलाचं आहे का रे काही त्यात?" खाली तीन उत्तरं. तार आहे तशी वाचा. 'मुलगा येतोय' असं सांगा. खुर्चीवर बसा. हा प्रसंग नऊ खंडांत कुठेच नव्हता, हे काकपदाला पट्टी सरकू लागताच कळलं. कंपनीतल्या कुणीतरी तो बसल्या जागी रचला होता. हे सगळं त्याला पहिल्या दोन सेकंदांत सुचलं. उरलेल्या अकरा सेकंदांत काहीच सुचलं नाही. त्याला फक्त उशीच्या अभ्र्याची किनार दिसत राहिली.

आईच्या उशीला किनार नव्हती, हे त्यानं सोमवारी स्वतःला बजावलं. मधल्या काळात टीव्हीवर म्हातारी तशीच होती, तोंड अर्धवट उघडं, सात सेकंदांची हिरवी पट्टी खाली. बायकोनं सकाळी तिच्यावरून फडकं फिरवलं, तिच्यासमोर बसून दोघं जेवले. काकपदानं खुर्ची जरा तिरकी करून घेतली, तरी तिची नजर तिरक्या खुर्चीपर्यंत येत होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. आतल्या खोलीत ती पडून होती, आणि दादा दुसऱ्या शहरात पुलाच्या कामावर होता. फोन दुपारी आला. पुलाचा मुकादम बोलत होता, आणि बोलताना मागे मशीन चालूच होतं, त्यामुळे त्याला तेच वाक्य तीनदा सांगावं लागलं. प्रत्येक खेपेला तो शब्द न बदलता सांगत होता, हे काकपदाला तेव्हाही जाणवलं. आईचं हृदय अशक्त आहे, तिला धक्का देऊ नका, असं डॉक्टर म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण डॉक्टर तसं काही म्हणाला नव्हता. डॉक्टर म्हणाला होता, बाई खणखणीत आहेत. काकपद आत गेला. आई म्हणाली, "दादाचा होता का रे फोन?" आणि तो पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. आधी बसला, मग बोलला, हा क्रम त्याला पक्का आठवतो. बसलं की माणूस उभ्यानं जे बोलू शकतो ते बोलू शकत नाही. "हो. कामात आहे. महिनाअखेर येतो म्हणाला."

त्यानंतर आई एकोणीस दिवस होती. एकोणीस दिवस दादाचे फोन येत राहिले. काकपद बाहेरच्या खोलीत जायचा, रिसीव्हर उचलायचा, दोन मिनिटं थांबायचा, आणि आत येऊन सांगायचा, की तिकडे थंडी पडलीय, त्यानं नवे बूट घेतलेत, एका पायाचा चावतो. खरा दादा वर्षातून दोनदा फोन करायचा आणि दोन्ही वेळा फोन महाग पडतो म्हणून ठेवायचा. काकपदाचा दादा पाल्हाळिक होता, प्रेमळ होता, आईच्या औषधांची नावं विचारायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून काकपदाला त्याची सवय लागली. मुकादमाचा निरोप सुट्या बटणासारखा खिशात पडून होता, आणि रोज दुपारी तो खिशात हात घालून काहीतरी दुसरंच बाहेर काढत होता. दादाचं क्रियाकर्म मुकादमानं आणि बहिणीच्या नवऱ्यानं तिकडेच उरकलं. आई गेल्यावर सगळे म्हणाले, सुखानं गेली. ते वाक्य काकपदानं कुठेही तपासायला पाठवलं नाही.

त्याच एकोणीस दिवसांत त्याच्यासमोर चौथ्या खंडाची प्रुफं होती. आतल्या खोलीतून बाहेर येऊन तो टेबलाशी बसायचा आणि तारवाल्यासोबत दारोदार उभा राहायचा. पान दोनशे बारावर तारवाला एका बाईच्या घरी जातो, ती पाट पुढे करते, आणि तो बसतो. साधं वाक्य होतं. तो बसला. काकपदानं ते तीनदा वाचलं, मग समासात लिहिलं: तारवाला बसत नाही. लेखिकेनं तोवर कुणाचा स्वल्पविरामही मान्य केला नव्हता. एकदा तर तिनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, पुस्तक तुम्ही लिहिलंय की मी. चार दिवसांनी पट्टी परत आली. त्याच्या ओळीखाली लाल शाईत तीन शब्द होते. बरोबर. उभा करा. काकपदाच्या आयुष्यात पारितोषिकं नव्हती, बढती एकच, तीही सगळ्यांना मिळाली तेव्हा. पण ती पट्टी त्याच्याकडे आहे. नऊ खंड लिहिणाऱ्या बाईंना त्यांचाच माणूस त्यानं दाखवून दिला होता. त्यापुढच्या पाचही खंडांत तारवाला बसत नाही हे गावातली लहान मुलंसुद्धा बोलून दाखवतात, सातव्या खंडात तर त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्या प्रकरणाची प्रुफं पाहताना काकपद मनातल्या मनात हलकेच खाकरला होता, सभेत आपलं नाव पुकारल्यावर माणूस खाकरतो तसा.

हे सगळं त्यानं बुधवारी दुपारी बायकोला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ती कंट्रोलर घेऊन बसली आणि म्हणाली, "आज निकाल लावा. म्हातारीच्या चेहऱ्याचा डाग टीव्हीवर उमटेल." तेव्हा त्याच्या तोंडून पान दोनशे बारा बाहेर पडलं, लाल शाईसकट. फोनचं त्यानं सांगितलं नाही. ते तिला माहीत होतं, ती तेव्हा त्याच घरात होती, आईला भरवत होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, सुई दातांत धरून ऐकते तसं. मग म्हणाली, "म्हणजे त्या बाई त्याला बसवत होत्या, आणि तुम्ही उठवलंत."

"उठवलं नाही. तो बसलाच नसता."

"पण बसला होता ना? लिहिणारीनं बसवला होता."

"तिची चूक होती ती. तिनंच कबूल केलं."

"तेव्हा तुमची दाढी वाढलेली होती, डोळे सुजलेले होते," बायको म्हणाली. "तुम्ही पट्टी द्यायला स्वतः गेला होतात. बाईंनी तुमच्याकडे बघून लिहिलं असेल."

असा विचार त्याला अठ्ठावीस वर्षांत एकदाही शिवला नव्हता. तो आता शिवला आणि शर्टाच्या कॉलरमध्ये टोचू लागला. म्हणजे तारवाला थकून, शेवटी एकदा माणसासारखा, चार घटका बसणार होता, आणि आतल्या खोलीत खुर्चीवर बसून खोटं बोलणाऱ्या एका माणसानं त्याला काखेत हात घालून उठवलं. स्वतः बसला म्हणून दुसऱ्याला उभा ठेवला. पाच खंड उभा ठेवला. काकपद पडद्याकडे बघत राहिला. तारवाला पाठमोरा होता, दाराच्या चौकटीत, एक खांदा जरा खाली. आजवर तो खांदा त्याला ताठ वाटत आला होता. मग त्याला हळूहळू, हिशेब लागावा तसं नव्हे, ताप उतरावा तसं, वाटू लागलं की असेल. असेल तसंही. पण त्यानंतर पाच खंड तो उभा राहिलाय. सुरुवात कुणी का केली असेना, उभं राहणं त्याचं त्यानं केलंय. आता पाय मोडला तरी ते त्याचं आहे, समासातल्या माणसाचं नाही.

"आईंना तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं," बायको म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तरी तेच सांगितलं असतं. खुर्ची आहे, बसू दे ना त्याला मिनिटभर. कोण बघतंय?"

"मी बघतोय," काकपद म्हणाला. "एक नंबर."

"नक्की?"

"पॉज काढ. एक नंबर."

पट्टी पुन्हा सरकली, सहा, पाच, आणि बायकोनं अंगठा दाबला. तारवाल्यानं तार उघडली आणि वाचली. अकरा शब्द होते. तो वाचत असताना काकपदाला कळलं की आपण उठून उभे आहोत, टीव्हीसमोर, हात बाजूला सरळ, आणि ते अकरा शब्द त्याच्याही ओठांवरून जात होते. आवाज त्याचा कापला नाही, तारवाल्याचाही नाही. म्हातारीनं ऐकलं. ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं. जाताना दार लावून घे." कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला आणि तिथे थांबला, कारण त्याखाली जायची सोय केलेली नव्हती. काकपदाच्या छातीत एक जुनी, रुंद, जवळजवळ उद्धट अशी गोष्ट भरून आली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला हे इतक्या स्पष्ट अक्षरांत कधी वाटलं नव्हतं. अख्ख्या खेळात एकदाही आपण त्याला वाकवला नाही. शंभरावरून शून्य, आणि तो शून्य त्यानं कमावला होता.

बायको कंट्रोलरची वायर गुंडाळत होती. "आई एकदा मला म्हणाल्या होत्या," ती वायरकडे बघतच म्हणाली, "थोरला हल्ली फारच बोलका झालाय. धाकट्यावर गेला."

काकपदानं पाणी मागितलं आणि ते उभ्यानंच प्यायला.

गुरुवारी तो छापखान्यात गेला, दुपारी लवकर परतला, आणि दारातच थांबला. बायको गळ्यात टेप घालून टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर मापांची वही. छाती, कंबर, बाही असे छापील रकाने खोडून तिनं त्यांत घर, ओळ, चूक असं लिहिलं होतं. तारवाला पडद्यावर एका सोफ्यावर पाय पसरून बसला होता. "या घरी 'मृत्यू'तला यू ऱ्हस्व आहे," ती मान न वळवता म्हणाली. "तुम्ही आत जा. तुम्हाला बघवायचं नाही. मघाशी त्यानं एकाची सायकल चोरली."

"कशाला चोरली?"

"मी चोरायला लावली. त्या फांदीवर अकरा चुका आहेत."

तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. भिंतीपलीकडून तारवाल्याचा आवाज येत होता, काळजी करू नका, सगळे सुखरूप आहेत, पोहोचले की कळवतीलच. चांगला आवाज होता. काकपदानं नळ सोडला, भांडी घासली, तीन वेळा घासली. एकदा मध्ये म्हातारीचा आवाज आला, "बस रे बाळा," आणि खुर्चीचा कुरकुर आवाज. त्यानं नळ बंद केला आणि तेवढं ऐकून घेतलं. मग पुन्हा सोडला.

संध्याकाळपर्यंत तारवाला चौदा घरी बसला, नऊ ठिकाणी खोटं बोलला, आपुलकी एकशे चाळीसवर गेली, आणि यादी दोनशे सहा चुकांची झाली. शुक्रवारी सकाळी काकपदानं ती वही नीट तपासली. तिच्या दोन चुका काढल्या, त्यांतली एक तिनं मान्य केली नाही. मग त्यानं मॅडमचा कागद पुढे घेतला. मी सर्व मजकूर वाचला आहे, या ओळीवर त्यानं सरळ रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं: तारवाला जे बोलेल तेवढाच मजकूर मी वाचला आहे, आणि त्याची हमी देतो. तो जे बोलणार नाही ते मी वाचलेलं नाही. ते माझ्या पत्नीनं वाचलं आहे. सही केली. सही करताना हात इतका स्थिर होता की त्यानं ती पुन्हा एकदा बघितली. या कागदावरून गदारोळ होणार, हे त्याला दिसत होतं. बोलावणं येईल, भाचा येईल, कामाची शिस्त वगैरे निघेल, आणि तो उभा राहून, शांतपणे, तारवाला कोण होता हे त्यांना सांगेल. त्यानं त्यासाठी इस्त्रीचा शर्ट वेगळा काढून ठेवला.

साडेचारला मॅडमचा फोन आला. काकपद खुर्चीतून उठला. "सर, यादी मिळाली, फारच छान झालीय," मॅडम म्हणाल्या. कागदाचं त्यांनी काही काढलं नाही, तेव्हा त्यानंच विचारलं. "हो हो, तो फायलीत लावला," त्या म्हणाल्या. "सर, ती यादी केली कुणी? वहीवर मापं आहेत बघा. त्यांना जरा फोन देता?"

त्यानं फोन दिला. बायको सुई बाजूला ठेवून दहा मिनिटं बोलली, दोनदा हसली, आणि वेळ कितीची म्हणून विचारलं.

सोमवारपासून ती कंपनीत जाते. नवीन खेळ बेकरी चालवण्याचा आहे. त्यात नायक नाही.